शहीलीच्या दिवशीचं पाणी

१४ मे

आज दुकानातून आणलेल्या बफरच्या बाटल्या कपाटात मागे सारल्या आणि स्वतःचं द्रावण केलं. बफर म्हणजे आपल्या सामूला, म्हणजे आम्ल-अल्काच्या आकड्याला, चिकटून बसणारं पाणी. त्यात थोडं आम्ल घाला, थोडा सोडा घाला, ते फारसं हलत नाही. म्हणून आधी त्याच्यावर मीटर लावून घ्यायचा आणि मग कालवांच्या टाकीतलं पाणी मोजायचं. पण दुकानातलं बफर गोड्या पाण्यात केलेलं. त्यातून काढलेली मीटरची कांडी एकदम खाऱ्या पाण्यात बुडवली की ती बावचळते. आणि आपल्या सरोवराला उन्हाळ्यात बाहेरच्या समुद्राहूनही जास्त मीठ चढतं. म्हणून सरोवरात आहे तितकंच मीठ घालून, त्यात ट्रिस नावाची पांढरी भुकटी विरघळवून नवी बाटली भरली. मग एकाच पेल्यातलं पाणी दोन्हींनी मोजलं. जुनीने ८.२ दाखवलं, नवीने ८.१. एका दशांशाचा फरक, तो केवळ मिठाचा.

जेवताना शादलीला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं माझी बायको खोटं बोलत होती."

"खोटं नाही," मी म्हटलं, "अंदाजे बोलत होते."

"सगळे नवरे हेच सांगतात."

या द्रावणाची एक खोड आहे. ऊन-थंडी त्याला फार लागते. पंचवीस अंशांना त्याचा सामू ८.०९, विसाला ८.२५, तिसाला ७.९४. तक्ता भिंतीवर चिकटवला आहे. मीटरची तापमानाची तार तुटलेली आहे, पण टाकीत थर्मामीटर आहे. रोज सकाळी तो पाहायचा आणि तक्त्यातला आकडा मीटरला सांगायचा.

खालती सबीहा आमच्या हॅचरीत कालवांच्या पिल्लांचं खाणं आणि धुणंपुसणं बघते. सगळं गाव तिला खालती, म्हणजे मावशी, म्हणतं. तिला ताकीद दिली, "ही बाटली म्हणजे माझा जीव आहे. उन्हात तापू देऊ नकोस."

"तुझा जीव माझ्याकडेच दे पोरी. नवऱ्याकडे ठेवलास तर हरवून येईल."

१९ मे

दुसरी खेप सुरू केली. मादी कालवांनी काल दुपारी अंडी सोडली. आज सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल फिरणारी पिल्लं दिसली. 

पहिली खेप मार्चमध्ये गेली. वादळात वीज बंद पडली आणि हवेचा पंप थांबला. त्यात कुणाचाच दोष नव्हता. पण कालववाल्यांच्या सहकारी संघाला दोऱ्यांवर लावायला बीज, म्हणजे बाळकालवं, हवं आहे आणि त्याचा धीर संपत चालला आहे. अध्यक्ष सी लामीन, म्हणजे लामीनसाहेब, आज येऊन टाकीच्या काठावर बसले. तरुणपणापासून ते सरोवरात कालवांच्या दोऱ्या लावतात. हातांवर शिंपल्यांचे वळ आहेत.

"रफीका, जुलैच्या सभेत लोक मला विचारतील. बीज फ्रान्सहून आणायचं की या दोन बायकांच्या टाकीतून? मी काय सांगू?"

"टाकीतून, असं सांगा."

"टाकीत मला पाणी दिसतंय."

"बीज दिसायला अजून तीन आठवडे लागतात."

"बरं. नाही दिसलं तर हॅचरीला कुलूप. मग तुम्ही दोघी माझ्या होडीवर शेवाळ खरवडायला या. पगार नाही, मासे मिळतील."

खालती आतून ओरडली, "तुझ्या होडीवर? ती बुडाली की तुला कोण काढणार?"

२७ मे

शहीली सुटला. वाळवंटाकडून येणारा हा वारा कपडे दोरीवर टाकता टाकता वाळवतो. शिडीला हात लावला तर चटका. टाक्यांच्या खोलीत मात्र पाणी पंचवीसवरच ठेवलं आहे.

आणि आज सामू ७.९ आला. पुन्हा मोजला, पुन्हा ७.९. कालपर्यंत ८.१ होता. सामू उतरला म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं, आणि आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात पिल्लांना शिंपला धरता येत नाही. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा ओतला. मीटर ८.१ दाखवेपर्यंत थांबले नाही. घाई केली का? पण वाट पाहणं हीही एक चूक ठरली असती.

खालतीने माझ्या बाटलीला गोणपाटाचा अंगरखा शिवला आहे. खिडकीत ऊन येतं म्हणून. तिच्या स्वतःच्या पिण्याच्या बाटलीलाही तसाच आहे. दोन्ही शेजारी शेजारी टांगल्या आहेत, जुळ्या बहिणींसारख्या. मी हातमोजे घालून कांडी धुते तोवर तीच बाटलीतून पेल्यात ओतून देते. इतकी काळजी करणारं माणूस मिळणं नशीबच. घरातसुद्धा कोणी माझ्या कामाच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी विचार करत नाही.

३० मे

काल समुद्रावरचा वारा फिरला, दमट हवा. टाकीत सरोवराचं ताजं पाणी भरलं: सामू ८.१, सोडा न घालता. मग सत्तावीसला काय झालं होतं?

३ जून

पुन्हा शहीली, पुन्हा ७.९. पुन्हा सोडा घातला. हे आता योगायोगाने होत नाही. वारा आणि आकडा हातात हात घालून येतात.

सी लामीनना सांगितलं तर ते उठून उभेच राहिले. "मी म्हणत नव्हतो? तिकडून वारा आला की सरोवरापलीकडच्या कारखान्याचा धूर आपल्या डोक्यावर येतो! लिहून दे. सही कर. मी गव्हर्नरच्या कचेरीत स्वतः नेतो."

"धूर आधीही येत होता, सी लामीन."

"आधी तुझ्याकडे चांगली बाटली नव्हती. तूच सांगितलंस."

 त्यांचं म्हणणं खोटं नाही. नव्या बाटलीशिवाय मला हे दिसलंच नसतं. तरी सही केली नाही. का केली नाही, ते स्वतःलाही नीट सांगता येत नाही. एक गोष्ट खुपते: धुराने सरोवराचं पाणी आम्ल झालं, तर वारा पडल्यावर ते आपोआप पूर्ववत कसं होतं? पाणी कुणाची माफी मागितल्यासारखं मागे फिरत नाही.

८ जून

खेप गेली.

सकाळी टाकीच्या तळाशी पांढरट साय. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बहुतेक पिल्लं शिंपला मिटून पडलेली, काहींच्या अंगावर चुन्यासारखी बारीक भुकटी. वाटलं, सामू सोड्याने वर आणूनही वाचली नाहीत, म्हणजे आधीची आम्लता किती असेल!

खालती टाकी धूत होती. हात पुसून ती खिडकीपाशी गेली. मग तिने मला पाणी दिलं. इतकं गार, की दात शिवशिवले.

११ जून

पुस्तकं काढली. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणजे सामू चढायला हवा. इथे उन्हाच्या वाऱ्यात तो उतरतो. माझं सगळं शिक्षण उलटं चाललं आहे. शादली म्हणतो, "पाण्याला विचार." मी म्हटलं, "तेच तर करते आहे, पण ते वाऱ्याप्रमाणे उत्तर बदलतं." तो म्हणाला, "मग पाण्याला नाही, वाऱ्याला विचार."

आधी हसले. पण रात्रभर डोक्यात तेच राहिलं. वारा न लागलेलं पाणी हवं.

१३ जून

आज समुद्रवारा. सरोवरातलं पाणी काठोकाठ भरून काचेच्या चंबूंना बूच लावलं, वरून मेण ओतलं आणि ते चंबू टाकीतच बुडवून ठेवले. यांना ना धूर लागणार, ना वारा. एक लगेच फोडून मोजला: ८.१.

खालतीने विचारलं, "हे कशाला बंद केलंस?"

"साक्षीदार आहेत," मी म्हटलं.

"अरे देवा. आता पाण्यालाही कोर्टात नेणार."

२० जून

तिसरी खेप, या हंगामातली शेवटची. मादी कालवं आता रिकामी झाली आहेत, पुढच्या वसंताशिवाय अंडी देणार नाहीत. पिल्लं फिरू लागली आहेत. सी लामीन येऊन पाहून गेले. आज विनोद केला नाही. जाताना म्हणाले, "सभा चौदा जुलैला आहे," जणू मला माहीत नाही.

२६ जून

चार दिवस समुद्रावरचा वारा. सामू ८.१ वर घट्ट. पिल्लं वाढताहेत, इंग्रजी डी अक्षरासारखा शिंपला धरला आहे. एकीकडे बरं वाटतं, दुसरीकडे मी शहीलीची वाट बघते आहे. आईने मुलाला बरं असताना तापाची वाट बघावी तसं. हे लिहितानाही लाज वाटली, पण खरं आहे. मला जाणून घ्यायचं आहे.

३० जून

सकाळपासून शहीली. गावात कुत्रीही सावलीत निजली. सी लामीन नऊलाच आले, मागोमाग दोन कालववाले.

टाकीतलं पाणी मोजलं: ७.९.

"बघितलंत!" सी लामीन त्या दोघांकडे वळले. मग मला म्हणाले, "सोडा कुठे आहे? ओत. उभी काय राहिलीस?"

सोड्याची बरणी हातात होतीच. पण आधी चंबू फोडायचा होता. मेण खरवडलं, बूच काढलं. पेल्यात ओतलं, कांडी बुडवली.

७.९.

सतरा दिवस बुचाखाली राहिलेलं पाणी. ज्याला वारा माहीत नाही, धूर माहीत नाही. ज्या दिवशी भरलं त्या दिवशी ८.१ होतं. तेही आज आम्ल झालं?

"रफीका, पिल्लं मरतील!"

"पाणी बदललेलं नाही," मी म्हटलं.

"तुझा मीटर सांगतोय बदललंय!"

"मग मीटर बदललाय."

"मीटरला काय शहीली लागतो?"

सगळे हसले. मी हसले नाही. सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. खालती खिडकीशी उभी होती; हातमोजे काढले आणि खिडकीतून तिची बाटली उचलली. ओला गोणपाट तळहाताला लागला. घोट घेतला, पाणी बर्फासारखं. बाटली परत टांगताना हाताची पाठ शेजारच्या बाटलीला लागली. माझ्या बाटलीला.

तीही ओली होती. तीही गार होती.

खालती रोज सकाळी दोन्ही अंगरखे भिजवते. अर्थात भिजवते. या गावात उन्हाळ्यात पाण्याची बाटली अशीच ठेवतात. मीच तिला सांगितलं होतं, तापू देऊ नकोस. आणि शहीली जितका कोरडा, तितकं गोणपाट लवकर वाळतं, तितकी आतली बाटली गार. दमट वाऱ्यात ते नुसतं ओलं राहतं.

थर्मामीटर टाकीतून काढून बाटलीत घातला. अठरा. टाकीत पंचवीस होते. मी मीटरला रोज सांगत होते की हे द्रावण पंचवीस अंशांवर आहे, त्याचा सामू ८.०९. बिचारं द्रावण अठरा अंशांवर ८.३ ला बसलेलं. मी त्याला खालचा आकडा ठोकून दिला, मग सगळंच दोन दशांशांनी खाली. मिठाची चूक काढायला जे द्रावण आणलं, त्यालाच थंडी-उन्हाची खोड जास्त. एक दार लावलं आणि दुसरं सताड उघडं राहिलं.

सोड्याची बरणी खाली ठेवली.

"ओतणार नाही?" सी लामीन.

"नाही."

"आणि पिल्लं मेली तर?"

"मागची मी मारली, सी लामीन. सोड्यानेच मारली. पाणी बरं होतं. मी त्याला औषध पाजलं."

सी लामीननी टाकीत वाकून पाहिलं. वाऱ्याने पत्रा वाजत होता तेवढाच.

१ जुलै

अंगरखा काढून बाटली तासभर टाकीत बुडवून ठेवली. दोन्हीकडे पंचवीस. आजही शहीली आहे, आणि सामू ८.१. मग द्रावणाचा एक पेला गोणपाटात गार करून त्यावर मीटर लावला आणि टाकी मोजली: ७.९. पुन्हा टाकीत ठेवला: ८.१. हे दहा वेळा तरी केलं, गरज नव्हती. शाळेतल्या मुलीसारखी मजा वाटत होती आणि त्याच वेळी मागच्या खेपेची पांढरी साय डोळ्यासमोर येत होती. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं?

सी लामीनना सगळं समजावून सांगितलं. "चूक माझी. थर्मामीटर टाकीत होता, बाटलीत नव्हता. ज्याचा ताप सांगायचा त्याच्याच कपाळाला हात लावायला हवा होता." बाटली गार कशी झाली ते सांगितलं नाही. "खिडकीतल्या वाऱ्याने," एवढंच म्हटलं. खालती तिकडे गाळण्या धूत होती. नळ चालू होता. तिला काही ऐकू गेलं नसावं. बरं झालं. बाईने मायेने केलं. तिच्या हातून पिल्लं मेली, असं तिला कधी वाटू नये.

सी लामीननी खिशातून तक्रारीचा कागद काढला, पाहिला, घडी घालून परत ठेवला.

"फाडत नाही?"

"धूर काय अत्तर आहे का? कधीतरी लागेल. पण तुझी सही त्यावर नको, कळलं."

५ जुलै

पिल्लं चांगली. खालती अलीकडे कमी बोलते. उन्हाळ्याने असेल. खिडकीतलं गोणपाट दिसत नाही, तिचंही नाही. दुपारी ती नळाचं कोमट पाणी प्यायली. विचारलं तर म्हणाली, "दाताने छळलंय पोरी. गार सोसत नाही." तिला लवंग आणून द्यायला हवी.

९ जुलै

डोळे आले! पिल्लांच्या अंगात काळा ठिपका दिसला की ती आता जागा शोधणार, बसणार. खालतीला सूक्ष्मदर्शकावर बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"ही बघतात आपल्याला?"

"नाही गं, उजेड तेवढा कळतो."

"मग बरं," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मला वाटलं होतं ती आनंदेल. लवंग द्यायची राहिलीच.

१४ जुलै

पिल्लांनी शिंपल्यांच्या चुऱ्यावर बसायला सुरुवात केली. मिठाच्या दाण्याएवढं बीज, पण बीज. सी लामीननी सभेत चुरा तळहातावर घेऊन फिरवला, सगळ्यांनी चष्मे काढून, घालून पाहिलं. हॅचरी चालू राहणार. कोणीतरी ओरडलं, "फ्रान्सला सांगा, आता आमच्याकडून घ्या!" पुढच्या वसंतात नवा मीटर घ्यायचं ठरलं, तापमानाच्या तारेसह. मी उभी राहून दुसऱ्या खेपेची चूक सगळ्यांसमोर सांगितली, तशीच, थर्मामीटर टाकीत होता बाटलीत नव्हता. कुणी रागावलं नाही. मी तयारी करून गेले होते, ती वायाच गेली.

नंतर पुदिन्याचा चहा आणि भाजलेले बदाम. खालती कोपऱ्यात बसली होती. एका बाईशी बोलताना ती बदाम दाढेखाली फोडत होती. कडाकडा, एकामागून एक.

घरी येईपर्यंत मला काहीच कळलं नाही. दार उघडताना कळलं. पायरीवरच बसले.

तिला दाताचं काही नाही.

तिने नळ चालू असतानाही ऐकलं होतं. किंवा ऐकायची गरजच पडली नाही. त्या दिवशी मी ओला हात तिच्या बाटलीवरून माझ्या बाटलीवर नेताना ती तिथेच उभी होती. दोन आठवडे ती कोमट पाणी पिते आहे. आणि मी तिला लवंग आणून देणार होते.

काय बोलू तिच्याशी? "तुझी चूक नाही" म्हटलं तर, चूक झाली हे तरी म्हणावंच लागेल.

१६ जुलै

पहाटेपासून शहीली. लवकर निघाले. हॅचरीत कोणी नव्हतं. टाकीतल्या बाटलीला हात लावला, मग पाण्याला. सामू ८.१. बीज बसलेलं, शांत.

मग फडताळ उघडलं. दोन्ही अंगरखे तळाशी घड्या घालून ठेवलेले, कोरडे खडखडीत. माझ्या बाटलीचा तिथेच ठेवला. दुसरा भिजवला. पिळला नाही, तिने शिकवल्यासारखा पाणी ठिबकू दिला. तिची पिण्याची बाटली भरून आत घातली, दोरी आवळली आणि खिडकीत वाऱ्याच्या तोंडाशी टांगली.

ती आली, पदराने घाम पुसला आणि खिडकीकडे पाहून थांबली.

"हे कुणी केलं?"

"मी. मला तहान लागली आहे."

"मग तुझी बाटली कुठे?"

"माझी टाकीत असते. ही प्यायची आहे."

तिने पिशवी खाली ठेवली. खाणं मोजायला बसली. मीही माझ्या कामाला लागले. थोड्या वेळाने तिने उठून गोणपाटाला हात लावला, ते फिरवून कोरडी बाजू वर केली आणि पुन्हा पाणी शिंपडलं.

"तुला अजून भिजवता येत नाही पोरी," ती म्हणाली. "वरून भिजवायचं असतं, वरून. खालून काय भिजवतेस?"

दुपारी पहिला पेला तिने मला दिला. दुसरा स्वतः प्यायली. दोघींचेही दात शिवशिवले.